पाठीला पाठ

शाळा सुटल्यावर स्कूटी मागे घ्यायला गेले आणि माझी मान वळेना. मानेबरोबर खांदा आला, खांद्याबरोबर कंबर आली, आणि सगळीच्या सगळी मी फळीसारखी फिरले. मागे एक बाई पोराला न्यायला आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "म्याडम, तुमचीबी धरली का?" मान धरली याचं मला तेवढं काही वाटलं नाही, पण त्या 'बी'ची चीड आली. मुलांना 'ताठ बसा, पोक काढू नका' म्हणून ओरडण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे. कसं बसावं, कसं उभं राहावं हे गावात कुणी कुणाला सांगायचं असेल तर ते मीच, असं मी समजत होते. पण बाईचं खरं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या शिवारातल्या अर्ध्या लोकांच्या माना धरलेल्या होत्या, आणि कुणी काही जड उचललेलं नव्हतं.

आमची वस्ती कोल्हारपासून आत, प्रवरेच्या बाजूला. नगर-मनमाड रस्ता सोडून आत वळलं की दोन्हीकडे ऊस. आमचं घर, गोठा, समोर थोडी जागा, आणि मग परत ऊस. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या उसाचं फार कौतुक होतं. भर उन्हात आत गारवा असतो, वारा आला की पाती एकमेकांवर घासून सळसळतात. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, "वाऱ्यानं वाजला तर वाजू दे. वारा नसताना वाजला तर घरात यायचं." मी ते हसण्यावारी नेलं होतं.

पावसाळा संपत आला असताना शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईला जनावराने नेलं. पेपरात बिबट्या असं येतं. आमच्याकडे तो शब्द कुणी बोलत नाही, नुसतं जनावर म्हणतात, आणि तेही आवाज खाली घेऊन. बाई दिवसाढवळ्या बांधावर बसून गुरांसाठी घास कापत होती. तिच्या जोडीला दुसरी एक बाई होती, चार हातांवर, पाठमोरी. तिने वळून बघितलं तेव्हा विळा होता, घासाची मूठ होती आणि उसात शिरणारी हलती पाती होती. बाई सापडली दुपार कलल्यावर. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. गावाने जेवढं बघितलं तेवढं पुरे झालं.

मग वनखात्याची माणसं आली. देवळापुढे सतरंज्या टाकून मीटिंग झाली आणि त्यातल्या एका साहेबाने फार नीट समजावून सांगितलं. उभा माणूस जनावराला मोठा वाटतो, त्याच्या वाटेला ते सहसा जात नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. आणि ते धरतं मागून, मानेला. तेव्हा शेतात बसू नका, वाकू नका, एकटे राहू नका आणि मान झाकून ठेवा. साहेब हे बोलत होता आणि सतरंजीवर बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहत होती. कुणी कुणाला उठ म्हणालं नाही. शेवटी सगळी सभा उभी होती, आणि प्रत्येकाचा हात स्वतःच्या मानेवर होता.

ज्याने कधी शेतात काम केलं नाही त्याला 'बसू नका' ही साधी गोष्ट वाटेल. आमची सगळी कामं बसून. खुरपणी बसून, घास कापणं बसून, धार बसून, धुणं-भांडी बसून. आत्या जन्मभर उकिडव्या बसलेल्या. आता बायकांनी खुरप्यांना बांबू बांधले. अंगणात दगडांवर फरशी टाकून भांडी घासायला उंच ओटे केले. नवरा गोठ्याचं दार लावून धार काढायचा. शाळेतून येताना मला शेतात सगळीकडे उभ्या बायका दिसायच्या, खांदे वर, मान आत, हातात लांब बांबू. लांबून बघितलं तर कुणाला मानच नाही असं वाटायचं. मला एकदा वाटलं, आपल्या वर्गातल्या मुलांनी माणसाचं चित्र असंच काढायला सुरुवात केली तर काय करायचं. आणि पुढच्याच आठवड्यात दोघातिघांनी तसं काढलं.

गावातल्या एका वेल्डिंगवाल्याने पत्र्याचे पट्टे करून दिले, बाहेरून खिळे असलेले, मेंढरांच्या कुत्र्याला घालतात तसले. नवऱ्याने घरात प्रत्येकाला एक आणला. आत्या म्हणाल्या, "कुत्र्याचा पट्टा घालून मरू व्हय मी?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदराखाली घालून गोठ्यात गेल्या. मी शाळेत जाताना गळ्याला मफलर गुंडाळत होते, कारण पट्टा घालून बाराखडी शिकवायची मला लाज वाटत होती. पण वस्तीवर परत आले की मीही घालायची. त्याचं वजन फार नव्हतं. त्रास व्हायचा तो पट्टा काढल्यावर. मानेला गार लागायचं, आणि कुणीतरी मागून बघतंय असं वाटायचं.

पाठीला पाठ लावून काम करायचं हे कुणी काढलं माहीत नाही. महिन्याभरात सगळीकडे तेच झालं होतं. घास काही बांबूने कापता येत नाही. तेव्हा दोघींनी जायचं, एकीने वाकून कापायचं आणि दुसरीने तिला पाठ टेकवून उभं राहायचं, उसाकडे तोंड करून. थोड्या वेळाने आलटून पालटून. उभी असलेली ताठ झाली की वाकलेलीने काही विचारायचं नाही, सरळ उठून उभं राहायचं. मी शाळेतून आले की दिवस असेपर्यंत आत्या आणि मी घासाला जायचो. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण आत्यांच्या पाठीची माझी ओळख त्या दिवसांतली. त्यांच्या पाठीचे फरे, खांद्यामागची ती दोन हाडं, पातळ लुगड्यातून मला टोचायचे. त्यांचा श्वास आत गेला की माझ्या पाठीला कळायचं.

मी वाकलेली असताना ती पाठ मधेच दगडासारखी व्हायची. मी उठायची. दोघी उभ्या. समोर ऊस, वारा नाही, पाती हलत नाहीत. मग मी हळूच विचारायची, "काय दिसलं?"

"मला कुडं काय दिसलं? तूच ताठ झालीस म्हून मी थांबले."

"मी तर वाकले होते. तुम्हीच झालात ताठ."

"आगं, माझी पाठ मला कळत न्हाई व्हय?"

असं आमचं रोज व्हायचं. आधी कोण ताठ झालं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. एखाद दिवशी आम्ही यावरून भांडून घरी आलो आहोत, आणि भांडणामुळे जरा बरंही वाटलं आहे.

मग तो रविवार. लख्ख ऊन होतं, भीतीचं काही कारण नव्हतं. मी उसाकडे तोंड करून उभी होते आणि आत्या मागे. पाठ टेकलेली होती. मी आमच्या मुख्याध्यापकांची कागाळी सांगत होते, ती चांगली लांबली. आत्या हूं की चूं करत नव्हत्या, पण शाळेच्या गोष्टींना त्या कधीच हुंकार देत नाहीत. मागे श्वास चालू होता. पाठीची ऊब माझ्या झंपरातून आत येत होती. बोलता बोलता माझी नजर बांधाच्या टोकाकडे गेली आणि घराकडून आत्या येताना दिसल्या. हातात भारा बांधायचं दावं होतं, कुत्रं बरोबर होतं.

मी बोलायची थांबले. पाठीला पाठ तशीच होती. एक श्वास आत गेला, बाहेर आला, मला नीट कळला. मी वळले नाही. धीटपणा म्हणून नव्हे, मान वळलीच नाही. आत्या जवळ आल्या, कुत्रं भुंकलं नाही, आणि कधीतरी त्या दरम्यान माझ्या पाठीला गार लागलं.

"दावं आनाय जाते म्हनले हुते की तुला," त्या म्हणाल्या. "अशी का उभी?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मग वाकून अर्धवट भारा बांधायला घेतला. "चल, आज एवढा घास बास," असं म्हणाल्या. एवढ्याशा घासात एका गाईचंही भागलं नसतं. त्यांना मागे काय दिसलं, की काहीच दिसलं नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, रोजची सवय, अंगाला तसं वाटतं. असेल. पण माझं दुखणं त्या दिवशी सुरू झालं, बरोबर पाठ टेकायची त्या जागी, दोन फऱ्यांच्या मधे. तिथून ते वर चढत मानेत आलं.

आता माझ्या लेकीचं सांगायला हवं, कारण खरं तर हे सगळं मी तिच्यासाठीच आठवते आहे. ती पायाळू आहे, म्हणजे जन्माला येताना तिचे पाय आधी आले. आमच्याकडे कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. पालथं झोपायचं आणि पायाळूने दुखऱ्या जागेवर हलकेच पाय टेकवायचा, की उसण उतरते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण एरवी वर्षातून एखादी म्हातारी यायची, लेकीच्या हातावर खडीसाखर ठेवून जायची, त्यात काही बिघडत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मात्र रीघ लागली. संध्याकाळ व्हायच्या आत माणसं यायची. बायका यायच्या, ट्रॅक्टरवाले यायचे, एकदा तर आमच्या शाळेतले एक गुरुजी डोक्याला टॉवेल गुंडाळून आले. आतल्या खोलीत चटई टाकलेली असायची. माणूस आधी दाराची कडी बघायचा, खिडकी बघायचा, मग पट्टा काढायचा आणि पालथा व्हायचा. दुसरीतली माझी पोर एका पायावर तोल सांभाळत त्याच्या पाठीवर पाऊल ठेवायची. तिला त्याचा तोरा आला होता. "श्वास सोडा," असं ती त्यांना सांगायची. आणि त्यांना बरं वाटायचं, हे मला मान्य करावं लागेल. उठून मान इकडून तिकडे फिरवायचे, हसायचे, चहा घ्यायचे. मी खिडकीतून बघायची. अंगणातून सरळ चालत गेलेला माणूस उसाच्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत त्याचे खांदे परत कानाला लागलेले असायचे.

एकदा वेणी घालताना लेक मला म्हणाली, "आई, सगळ्यांच्या मानेवरचे बारीक केस उभे राहतात."

"कधी?"

"मी पाय ठेवते ना, तेव्हा. त्यांना माहीत असतं मीच आहे, तरी."

मी तिला गप्प बस म्हणाले. त्याच आठवड्यात ती बाई आली, घास कापताना जोडीला होती ती. तिची पाठ इतकी वाकडी झाली होती की चटईवर नीट पसरतही नव्हती. पालथी पडल्या पडल्या, तोंड चटईत, ती बोलायला लागली. माझी पोर तिच्या पाठीवर पाय ठेवून उभी होती. "वरडली न्हाई गं ती," बाई म्हणाली. "नुसतं पाचट वाजल्यावानी झालं. मी म्हनलं वारं हाय. वारं न्हवतं. तिनं मागं बघितलं आसतं तर... पर मागं बघायला कुनाला सुदरतंय?" मी लेकीला बाजूला ओढेपर्यंत तिने सगळं ऐकलं होतं.

थोड्याच दिवसांनी सकाळी मी तिच्या केसांतून फणी फिरवत होते आणि म्हणाले, "मान खाली घाल." ती म्हणाली, "होत नाही." मला वाटलं नखरे करते. मी डोक्याला हात लावून खाली दाबलं आणि माझ्या हाताला जे लागलं ते मी विसरणार नाही. लहान मुलाची मान कशी असते, वेलासारखी, कुठेही वळते. ती लाकूड झाली होती. खांदे वर चढले होते आणि मधे मान बुडाली होती. मी तिला मागून हाक मारली. ती वळली ती सगळीच वळली, पायांसकट. ही पोर खाटेवरून उलटी लोंबकळायची, उलट्या पावलांनी चालत गोठ्यापर्यंत जायची, जेवताना दहा वेळा मागे बघायची म्हणून मार खायची. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मला दुसरं काही नको होतं. जनावर राहो, ऊस राहो, माझी मान अशीच राहो. तिने एकदा मान वळवून मागे बघावं, एवढंच मला हवं होतं.

"लोकांचं तिच्यात उतारलं," आत्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी दारात उभं राहून एकेकाला परत पाठवलं. पोरीवरून भाकरीचा तुकडा, मीठ, मिरच्या ओवाळून टाकल्या. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मीच मिरच्या काढून दिल्या.

नवरा आणि मी तिला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. फोटो काढला, मणक्यात काही नव्हतं. बाई वयस्कर होत्या, बोलणं सावकाश. त्यांनी लेकीला खांदे वर घ्यायला सांगितले, मग सोडायला सांगितले. तिने सोडले नाहीत.

"सोडलेस तर काय होईल?" बाईंनी विचारलं.

"मागून श्वास येतो," लेक म्हणाली.

 बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जरा खांदे खाली घ्या बरं."

"खालीच आहेत," मी म्हणाले.

त्या उठून माझ्या मागे आल्या. पावलं ऐकूनच माझं अंग आवळलं. त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून दाबले आणि माझे खांदे खाली गेले, बरेच खाली. मला वाटलं मी बुटकी झाले. हात काढले तसे ते परत वर आले. मी काही केलं नव्हतं. बाई म्हणाल्या की भीतीने आवळलेलं अंग दिवसरात्र कामावर असतं, झोपेतसुद्धा सुटत नाही, म्हणून दुखतं. मोडलं काही नाही. शेक द्या, हलकं चोळा. "आणि पोरीला नुसतं सांगू नका. ती तुमचं बघून उभी राहते." मला राग आला, कारण ताठ कसं राहावं हे मला आणखी कुणी शिकवावं अशी माझी इच्छा नव्हती. पण परत येताना गाडीच्या काचेत आम्हा दोघींची सावली पडली होती. एक मोठी, एक लहान, दोघींनाही मान नव्हती.

शिवारात पिंजरा लावलेला होताच. त्यात शेळी. ती दिवसभर ओरडायची आणि आम्ही आपापली कामं करायचो. तिचा आवाज आला तर त्रास, थांबला तर जास्त त्रास. एका सकाळी उठलो तर आवाज नव्हता आणि लोक त्या बाजूला पळत होते. जनावर सापडलं होतं.

मी लेकीला मुद्दाम घेऊन गेले. म्हटलं बघू दे, गेलं हे डोळ्यांनी बघू दे. पिंजऱ्याभोवती ही गर्दी, मोबाईल वर धरलेले, पोरं खांद्यांवर. टेम्पोत चढवायच्या आधी वनखात्याच्या माणसांनी पिंजऱ्यावर कापड टाकलं, पण त्याआधी आम्हाला दिसलं. मला वाटलं होतं ते गुरगुरेल, अंगावर येईल. ते कोपऱ्यात बसलं होतं. खांदे वर, मान आत ओढलेली. मागच्या बाजूने लोक गजांवर काठ्या आपटत होते, आणि ते वळून बघत नव्हतं. माझ्या लेकीने माझा हात घट्ट धरला. "त्याची पण धरली," ती म्हणाली.

मग तोड आली. टोळीने आठवड्याभरात आमच्या बाजूचा ऊस पाडला, ट्रॉल्या गेल्या, खाली राहिलेलं वाळकं पाचट पेटवून झालं. घरातून थेट नदीकाठची झाडं दिसायला लागली. लपायला एवढंसंही काही उरलं नाही. मला वाटलं आता सगळे बसतील. कुणी बसलं नाही. खुरप्यांचे बांबू तसेच राहिले. पट्टे निघाले, पण खांदे उतरले नाहीत. कुणीतरी म्हणायचं, सापडलं ते तेच कशावरून? नवरा गोठ्याचं दार लावूनच धार काढत होता. आणि माझी लेक हाक मारली की पायांसकट वळत होती.

एका रविवारी दुपारी मी तिला उठवलं, तिच्या खिशात दोन पेरू टाकले आणि मोकळ्या रानात नेलं. मधोमध, जिथून चारी बाजूंना काळी जमीन आणि वर ऊन, एवढंच. म्हटलं, "बघ. कुठे काही आहे का?"

ती गोल फिरली, सगळीच्या सगळी. "नाही."

"मग बस खाली. खेळ मातीत."

तिने माझ्याकडे बघितलं. "तू बस ना आधी."

मी उभीच राहिले. मला बसायचं होतं. मी गुडघ्यांना सांगितलं, वाका. शाळेत शंभर मुलांना 'बसा' म्हणते आणि ती बसतात. माझे गुडघे ऐकेनात. मानेवर गार आलं. लेक बघत होती, वाट बघत नव्हती, नुसती बघत होती, 'मला आधीच माहीत होतं' अशा नजरेने. त्या नजरेमुळे मी बसले. एक हात जमिनीला टेकवून, म्हातारीसारखी, पण बसले. जळलेल्या पाचटाची राख साडीला लागली. मागून लेक येऊन टेकली, पाठीला पाठ. तिची पाठ माझ्या निम्म्यालाही येत नव्हती.

आम्ही पेरू खाल्ले. ती काहीबाही सांगत होती, वर्गातल्या मुलीचं, कुत्र्याचं. मग ती पाठ एकदम दगड झाली.

"काय गं?" मी विचारलं. "काय दिसलं?"

"मला काही नाही," लेक म्हणाली. "तूच ताठ झालीस."

मला डॉक्टरबाईंचे हात आठवले. ते अजून खांद्यांवर आहेत असं समजून मी खांदे खाली सोडले. ते वर आले. परत सोडले. मागची पाठ थोडी मऊ झाली, परत आवळली, परत मऊ झाली. ऊन उतरायला लागलं होतं. लांब रस्त्यावर ट्रॉल्यांचे आवाज होते. किती वेळ आम्ही तशा बसलो होतो मला सांगता येणार नाही, पण माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

आणि माझ्या मानेवर श्वास आला.

कोमट, ओलसर, केसांच्या अगदी खाली. इतके महिने ज्याची वाट बघत होते तो. लेकीची पाठ माझ्या पाठीला टेकलेलीच होती, मला तिची मणक्यांची ओळ लागत होती, म्हणजे तिचं तोंड पलीकडे होतं. मग हा श्वास कुणाचा? रानात दुसरं कुणी नव्हतं. मला त्या रविवारची पाठ आठवली. ओरडायचं होतं, पण घशातून काही निघालं नाही, आणि ती बाई का ओरडली नाही हे मला तिथे कळलं. परत एक श्वास आला. त्याला पेरूचा वास होता.

"आई," लेक अगदी कानाशी म्हणाली, "तुझ्या मानेवरचे केस उभे राहिलेत."

मी विचारलं, "तुला कसं दिसलं?"

"अशीच बघतेय. गुडघ्यांवर उठून. मान वळवून." मग तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती थांबली. "आई, वळली. माझी मान वळली. बघ ना."

मी वळायला गेले. मानेबरोबर खांदा आला, खांद्याबरोबर कंबर आली, आणि आमच्या पाठी सुटायला लागल्या तशी ती घाईने म्हणाली, "हलू नको, नुसती मान वळव. माझ्यासारखी."

मी समोरच बघत राहिले. काळं रान, नदीकाठची झाडं.

"बघितलंस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "बघितलं."